पद्मलच्या निळ्या पेशी

मी डोळे मिटते ते झोपण्यासाठी नाही, बघायला लागू नये म्हणून.

शनिवारी दीड वाजला की आमचा विभाग रिकामा होतो. डॉ. तासगावकर मॅडम जेवायला घरी गेल्या आहेत, तीनला येतील. मी त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या मायक्रोस्कोपसमोर बसले आहे. चोवीस वर्षं मी या विभागात तंत्रज्ञ आहे. शरीरातून काढलेला तुकडा माझ्या हातात येतो, तो कुजू नये म्हणून मी फॉर्मलिनमध्ये टाकते, मेणात बसवते, केसाहून पातळ कापते, काचेवर घेते, रंगवते. काच बघून काय झालंय ते ठरवायचं काम मॅडमचं. पण चोवीस वर्षं काचा रंगवणारीला काही दिसत नाही असं कोण म्हणेल?

सकाळी जुन्या काचांचं कपाट मोकळं करायला काढलं. दहा वर्षांपूर्वीच्या काचा टाकून द्यायच्या, असा कागद आलाय. तिसऱ्या खणात पद्मलच्या काचा सापडल्या. पद्मल माझी धाकटी बहीण. स्तनाच्या कर्करोगानं जाऊन तिला नऊ वर्षं झाली, काचा अकरा वर्षांपूर्वीच्या. दोनच होत्या. एक साधी, गुलाबी-जांभळी. दुसरी रिसेप्टरची.

ही दुसरी काच साध्या प्रश्नाचं उत्तर देते. गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनला पकडणारा रिसेप्टर आहे की नाही? असला तर पेशींची केंद्रं तपकिरी दिसतात, नसला तर निळी राहतात. तपकिरी असतील तर हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या लागू पडतात, वर्षानुवर्षं घेता येतात. पद्मलच्या रिपोर्टमध्ये 'निगेटिव्ह' लिहिलं होतं. निळ्या. गोळ्या नाहीत. दोन वर्षांत ती गेली.

ही काच मीच रंगवली होती आणि मी ती आजवर मायक्रोस्कोपखाली घातलेली नाही. आता घातली आहे. दिवा लावलाय. डोळे मिटलेत. पापण्यांतून दिव्याचा उजेड लालसर येतोय, पंख्याचा आवाज लांब जातोय.

"बघ की, अक्का."

मायक्रोस्कोप एकाच वेळी दोघांना बघता येईल असा आहे, पलीकडच्या बाजूलाही दोन नळ्या आहेत. पलीकडच्या स्टुलावर पद्मल बसली आहे.

मी दचकत नाही. मला आधी संशय येतो. तिचे केस परत आलेत, जाड वेणी खांद्यावरून पुढे घेतली आहे. अंगावर मोरपिशी साडी आहे. असली साडी तिच्याकडे नव्हती. तिच्या साड्या मीच वाटल्या, मला माहीत आहे.

"ही साडी कुणाची?" मी विचारते.

"अकरा वर्षांनी भेटलीस आणि साडी विचारतेस?"

"नऊ."

"तू मला बघायची थांबलीस त्याला अकरा झाली."

आम्हा जैनांत गेलेला जीव मागे रेंगाळत नाही. देह सुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो दुसरीकडे जन्म घेतो, असं आमचे वडील, अण्णा, बस्तीतलं प्रवचन ऐकून येऊन आम्हाला सांगत. म्हणून आमच्या घरी कावळ्याला पान नसतं. मग ही कोण? पद्मल तर कुठेतरी नऊ वर्षांची पोर असेल, नाहीतर चिमणी, नाहीतर आणखी काही.

"आई गेली त्या दिवशी मी तुला काय खायला दिलं होतं?" मी विचारते.

"पेरू. मीठ नव्हतं म्हणून मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं आईसाठी रडतेय." ती हसते. "तपासून झालं? का दाखला बघू म्हणतेस?"

उत्तर बरोबर आहे, पण त्याचा उपयोग नाही. जे मला माहीत आहे ते माझ्या डोक्यातून आलेल्या कुणालाही माहीत असणार. मी उठायला जाते आणि गुडघा बाकाला आपटतो.

जयसिंगपूरच्या शाळेतलं बाक. पद्मल इथं नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. मी पहिल्या बाकावर बसले आहे, ती फळ्यापाशी. मागे वळून बघते तर एकही मूल नाही. प्रत्येक बाकावर एक बाटली ठेवली आहे, आमच्याकडे तुकडे येतात तसली, पांढऱ्या झाकणाची. सगळ्या बाटल्या हजेरीची वाट बघत असल्यासारख्या सरळ रांगेत.

"बाटल्यांकडे नंतर जाऊ," ती म्हणते. "आधी उत्तर दे. रिसेप्टर पेशीत येतो कुठून?"

"तो बनवणारं एक जनुक असतं."

"ते आपलं आपण चालतं?"

"नाही. ते चालू करायला दुसरी जनुकं लागतात."

ती फळ्यावर मोठं वर्तुळ काढते, आत छोटं वर्तुळ. पेशी आणि तिचं केंद्र. खडू करकरत नाही, हे माझ्या लक्षात येतं आणि तेही मला खटकतं.

"त्यातलं एक सांग."

मला उत्तर येतं. हे सगळं मी वाचलं आहे. रिपोर्ट आल्यानंतर मी एवढं वाचलं की मॅडम चेष्टेनं म्हणायच्या, राजमती, आता परीक्षाच दे. पण पद्मलसमोर ते नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

"बीआरसीए-वन," ती माझ्याऐवजी म्हणते आणि फळ्यावर लिहिते. "त्याचं काम काय?"

"गाठ होऊ न देणाऱ्या जनुकांपैकी ते एक. डीएनए कुठं तुटला तर सांधायला मदत करतं. पेशीला वाटेल तशी वाढू देत नाही."

"हे पुस्तकातलं झालं. स्तनाच्या पेशीत आणखी काय करतं?"

"रिसेप्टर बनवणारं जनुक चालू ठेवायला हातभार लावतं. आणि बनलेला रिसेप्टर हार्मोन धरून फार जोर करायला लागला तर त्याला दाबूनही धरतं."

"म्हणजे बनवायचंही त्यानंच आणि आवरायचंही त्यानंच."

"होय."

पद्मल खडू हातात फिरवत उभी राहते. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर पाठ केलेलं आहे असं वाटलं की ती अशीच थांबायची.

"मग मला एक पटत नाही," ती म्हणते. "आवरणारंच गेलं तर रिसेप्टरनं उधळायला पाहिजे. गाठ तपकिरी पाहिजे. माझी निळी कशी?"

"सुरुवातीला उधळतही असेल. पण ते जनुक पार बंद पडलं की रिसेप्टर बनायचाच थांबतो असं दिसतं. त्यामुळे ज्या बायकांमध्ये ते जन्मतः बिघडलेलं असतं त्यांच्या बहुतेक गाठी निळ्याच असतात. सगळ्या नाही. का ते अजून पूर्ण कळलेलं नाही."

"तुला हे सगळं येतंय."

"येतंय."

"मग माझ्या गाठीला हे लावून का बघितलं नाहीस?"

ही चौकशी आहे, मला वाटतं. हिला कुणीतरी पाठवलंय. बाईंसारखी बोलत बोलत ही मला बाटल्यांपर्यंत नेणार.

आणि ती नेतेच. खडू ठेवून ती बाकांमधून चालायला लागते, एकेक बाटली उचलून खालून बघते. कुठल्याच बाटलीला नाव नाही.

"यातली माझी कुठली?"

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत, अक्का. तुझ्याच हातात दिली होती."

मी तोंड फिरवते. समोर हॉस्पिटलचं कँटीन आहे. आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो आहोत, मध्ये दोन कप चहा, त्यावर साय धरली आहे. मला तारीखही आठवते. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पद्मलच्या गाठीतून सुईनं तुकडे काढले होते. सिस्टरनं बाटली आणून माझ्या हातात दिली होती. बाटलीत फॉर्मलिन नव्हतं, नुसतं सलाईन. वर न्यायचं आणि लगेच फॉर्मलिनमध्ये घालायचं, एवढंच माझं काम. वाटेत पद्मलनं माझा हात धरला आणि म्हणाली, जरा बस माझ्यापाशी, मला भीती वाटतीय. मी बाटली वरच्या टेबलावर ठेवून खाली आले. पाच मिनिटं म्हणून आले. वर गेले तेव्हा दोन वाजून गेले होते.

सलाईनमध्ये पडलेला तुकडा मरत राहतो. रिसेप्टर नाजूक असतो, उशीर झाला तर तो विरून जाऊ शकतो. मग असलेलासुद्धा नसल्यासारखा दिसतो. तपकिरी व्हायच्या पेशी निळ्या राहतात.

मी दोन वाजता तुकडे फॉर्मलिनमध्ये घातले आणि फॉर्मवर वेळ लिहिली, सव्वाअकरा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मॅडमना नाही, आमच्या ह्यांना नाही. आता समोर बसलेल्या या बाईला कसं सांगू? ती पद्मल असेल तर तिला कळून काय उपयोग? आणि नसेल तर ते आणखी वाईट.

पद्मल चमच्यानं साय बाजूला करते.

"तू सारखी घड्याळाकडे बघत होतीस," ती म्हणते. "तेव्हाच मला वाटलं, हिचं काहीतरी राहिलंय वरती."

"तुला माहीत होतं?"

"काय राहिलंय ते नव्हतं माहीत. काहीतरी राहिलंय एवढं कळत होतं. तरी मी तुला सोडलं नाही. दुसरा चहा मागवला."

"पद्मल, तुझे तुकडे तीन तास तसेच पडले होते. मी वेळ खोटी लिहिली. गाठ तपकिरी असती, गोळ्या मिळाल्या असत्या. तू कदाचित..."

आता ती रडेल, नाहीतर उठून जाईल, नाहीतर असू दे अक्का म्हणून माझ्या हातावर हात ठेवेल असं मला वाटतं. आजारात ती तसंच करायची, सगळ्यांना असू दे म्हणायची.

ती चहा पिते. कप खाली ठेवते.

"हे अकरा वर्षं जवळ ठेवलंस," ती म्हणते. "कुणाला न सांगता. एवढं जड कशाला उचललंस?"

"कारण ती माझी चूक होती."

"चूक होती. लबाडीही होती. पण माणूस चूक लपवतं, अक्का, अशी उराशी धरून ठेवत नाही. मला त्याचा संशय येतोय."

"तुला माझा संशय येतोय?"

"तुला माझा येतोय की आल्यापासून. मला तुझा एकदा येऊ दे."

टेबलाच्या पलीकडे एक कॉट आहे. मी कँटीनकडे पुन्हा बघायला जाते तर कँटीन नाही. आमच्या शिरोळच्या घरातला पुढचा सोपा आहे. कॉटवर आई पडली आहे. ती पंचेचाळीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. चादरीखाली तिचं पोट वर आलंय, दिवस गेलेल्या बाईसारखं. हात मात्र काटक्या झालेत. तिचे डोळे उघडे आहेत पण ती आमच्याकडे बघत नाही. बाहेर अण्णा कुणाला तरी सांगताहेत, पोटात पाणी झालंय.

"पाणी कशानं झालं?" पद्मल मला विचारते.

"लिव्हर म्हणाले होते."

"कोण म्हणालं?"

"गावातले डॉक्टर. तेव्हा कोण तपासत होतं?"

"तू आता रोज असं पाणी झालेल्या बायकांचे तुकडे रंगवतेस. आईच्या वयाच्या. त्यांना काय निघतं?"

मला उत्तर द्यायचं नाही. "बऱ्याचदा बीजकोशाचा कर्करोग," मी म्हणते.

"आणि धामणीची मावशी? तिच्या छातीत गाठ होती. पदराआड झाकून ठेवली, वास यायला लागला तेव्हा कळलं."

"ते तू मला सांगू नको."

"आई, मावशी, मी. मी एकोणचाळीसची होते. आणि गाठ निळी. वर्गातल्या पोराला ही बेरीज जमली असती."

आई कूस बदलायचा प्रयत्न करते आणि तिला जमत नाही. मी पुढे होते, पण सोपा लांबत जातो आणि कॉट तेवढीच दूर राहते. पद्मल जागची हलत नाही. तिचा आवाज आता चढलेला नाही, उतरलेलाही नाही. वहीत लाल शेरा मारावा तसा आहे.

"बाटलीची चूक तू धरून ठेवलीस, कारण बाटलीत चूक असली तर रिपोर्ट खोटा. रिपोर्ट खोटा असला तर गाठ निळी नव्हतीच. मग आईचं नुसतं पाणी, मावशीची नुसती गाठ. रक्तात काही नाही. माझ्या नाही, तुझ्या नाही."

"गप्प बस."

"आणि देवश्रीच्या नाही."

देवश्री तिची मुलगी. पद्मल गेली तेव्हा सतरा वर्षांची होती, आता सव्वीसची आहे. पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या कॉलेजातच तिला कुणीतरी सांगितलं, तुझ्या आईला लहान वयात झालं होतं, तू रक्त तपासून घे. तिनं मला विचारलं. मी म्हणाले, आपल्यात तसलं काही नाही. वर्षानं परत विचारलं, मी तेच म्हणाले. गेल्या दिवाळीत फराळाला बसलेली असताना तिनं तिसऱ्यांदा विचारलं, मावशी, तू हॉस्पिटलात आहेस, तू नक्की सांग. मी तिच्या ताटात चकली वाढली आणि म्हणाले, नक्की.

"तू पद्मल नाहीस," मी म्हणते. "पद्मल कुणाला असं बोलायची नाही. मला तर कधीच नाही."

"पद्मल आजारी होती, अक्का. आजारी माणूस गोड बोलतं. त्याला सगळ्यांची गरज असते." ती साडीचा पदर नीट करते. "मला आता कुणाची गरज नाही. म्हणून बोलतेय."

"मग कशाला आलीस?"

"तू बोलावलंस. सकाळपासून काच हातात धरून बसलीयेस. टाकून द्यायच्या ढिगात घालून परत काढलीस, दोनदा."

हे खरं आहे आणि ते कुणी बघितलेलं नाही. मी तिच्याकडे नीट बघते. लहानपणी हौदाच्या कठड्यावर पडल्याची खूण आहे, डाव्या भुवईत. ती बरोबर जागी आहे. मला वाटतं तिला हात लावून बघावं. पण हात लावल्यावर काहीच लागलं नाही तर? मी हात मांडीवरच ठेवते.

"समजा, गाठ खरंच निळी असेल," मी म्हणते, "तर माझ्या तीन तासांनी काही बिघडलं नाही?"

"ते तू ठरवायचं नाहीस. मीही ठरवायचं नाही. काच ठरवेल."

"काचेवर काय दिसणार? गाठ निळीच असेल. ती खरी निळी की माझ्यामुळं निळी, हे कसं कळणार?"

"तूच मुलींना शिकवतेस ना तिकडं, नवीन आलेल्यांना? रंग लागला की नाही ते कशावरून ओळखायचं?"

मी शिकवते. रोज शिकवते. गाठीच्या आजूबाजूला निरोगी स्तनाची एखादी दूधनलिका असते. तिच्या काही पेशींत रिसेप्टर असतोच, निसर्गानंच दिलेला. त्या पेशी तपकिरी झाल्या असतील तर तुकडा नीट राहिला आणि रंग नीट लागला, गाठीचा निळा खरा. त्याही निळ्या असतील तर तपासणीच फसली. पण सुईनं काढलेला तुकडा सुतळीएवढा. सगळाच गाठीतला असतो बऱ्याचदा, त्यात निरोगी नलिका येतेच असं नाही. पद्मलच्या तुकड्यात आली होती का? रिपोर्टमध्ये मॅडमनी लिहिलं असेल. मी 'निगेटिव्ह'च्या पुढं वाचलंच नाही. मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं. अकरा वर्षं त्या माझ्यापासून दहा पावलांवर बसतात.

"मी फक्त आजारी पेशींचाच विचार केला," मी म्हणते.

"होय."

"तू तरी तेव्हा विचारायचंस मला. तुला रिपोर्ट दिला तेव्हा."

आता पहिल्यांदा ती माझ्याकडे बघायची थांबते. खाली बघते, नखांकडे. केमोनंतर तिची नखं काळी पडली होती. आता गुलाबी आहेत.

"मला डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणते. "रक्त तपासूया का म्हणाले. घराण्यात आणखी कुणाला आहे का? मी नाही म्हणाले. आईचं सांगितलं नाही, मावशीचंही नाही."

"का?"

"देवश्री शेजारी बसली होती, पंधरा वर्षांची. तिच्यासमोर कसं सांगू? नंतर सांगेन म्हटलं. नंतर एकटी गेले तेव्हाही नाही सांगितलं."

म्हणजे तिनंही लपवलं. माझ्या मनात जे भरून येतं ते समाधान आहे की राग, मला कळत नाही. मी तिला बोलणार असते. पण तिचा चेहरा एकदम साधा झालाय, पेरूला मीठ नाही म्हणून रडणाऱ्या पोरीसारखा. माझा संशय पहिल्यांदा सैल पडतो. दुसरं कुणी तिचं रूप घेऊन आलं असतं तर त्यानं स्वतःची चूक कशाला सांगितली असती?

"तू सांग तिला," ती म्हणते. "मी दोन वेळा माघार घेतली, तू तीन वेळा. आता पोरगी चौथ्यांदा विचारणार नाही."

"तिच्यात निघालं तर?"

"निघालं तर ती जागी राहील. दरवर्षी बघून घेईल, डॉक्टर सांगतील ते करेल. आईला कुणी जागं केलं नव्हतं. मला तू करणार होतीस, पण तुलाच झोप लागली." ती स्टूल पुढे ओढते. आम्ही मायक्रोस्कोपपाशी आहोत, दिवा लागलेला आहे. "उठ. मॅडम येतील."

"थांब जरा."

"जरा म्हणून तू तीन तास बसतेस," पद्मल म्हणते. आणि तिचा हात काच सरकवणाऱ्या चकतीकडे जातो, माझ्या हाताच्या इतक्या जवळून की मला थंड लागतं.

माझं कपाळ मायक्रोस्कोपच्या नळीवर टेकलेलं आहे. टेकलेल्या जागी दुखतंय. पंखा चालू आहे, घड्याळात अडीच वाजलेत. पलीकडचं स्टूल टेबलाखाली सरकवलेलं आहे, सकाळपासून तिथंच होतं तसं.

मी पाणी पिते. मग काच काढून टाकावी म्हणून हात पुढे करते आणि थांबते.

काचेवर शाईचा ठिपका आहे. हिरवा, बाजरीच्या दाण्याएवढा, तुकड्याच्या पार कडेला. मॅडम एखादी जागा परत बघायची असली की काचेवर असा ठिपका देतात. आम्ही तंत्रज्ञ शाई वापरत नाही, पेन्सिलनंच लिहितो. मी ही काच सकाळी दहा वेळा उजेडात धरून बघितली, तेव्हा तिच्यावर ठिपका नव्हता. का होता, आणि मला दिसला नाही? मी बोट लावते. बोटाला शाई लागते. ओली आहे.

टेबलावर मॅडमचं हिरवं पेन टोपण काढून पडलं आहे. झोपेत मीच उचललं असेल. मी स्वतःला असं सांगते आणि माझा त्यावर विश्वास बसत नाही. पण आता त्याची चौकशी करत बसायला मला वेळ नाही.

मी नळ्यांना डोळे लावते.

पूर्ण गोल निळा आहे. गाठीच्या पेशी, दाटीवाटीनं, वेड्यावाकड्या, निळ्या. मी हळूहळू काच ठिपक्याकडे सरकवते. निळं संपतं, पांढुरकी जाळी येते, आणि जाळीच्या कडेला एक छोटी नलिका, अर्धीच कापली गेलेली, दहा-पंधरा पेशींची. निरोगी. त्यातल्या पाच पेशींची केंद्रं तपकिरी आहेत. फिकट नाहीत, चांगली दाट तपकिरी. मी फोकस मागेपुढे करून परत मोजते. पाच.

तीन तास पडूनही तुकडा टिकला होता. काच खरं बोलत होती. बाटलीमुळं पद्मल गेली नाही, हे मला कळतं, आणि माझ्या अंगावरून जो गार वारा जातो तो सुटकेचा नाही.

तीन वाजायला वेळ आहे. मॅडम आल्या की त्यांना पहिलं वेळेचं सांगायचं, सव्वाअकराचं. पण त्याच्या आधी एक फोन करायचा आहे. मी देवश्रीला लावते. तिसऱ्या रिंगला ती उचलते.

"मावशी? या वेळी? सगळं बरंय ना?"

"बरंय. तू दिवाळीत मला एक विचारलं होतंस, रक्ताचं."

तिच्या मागे कुणीतरी पेशंट व्यायाम करत मोजत आहे, एक, दोन, तीन, पाय खाली. दार लागल्याचा आवाज येतो आणि मोजणं बंद होतं.

"तू म्हणालीस, तसलं काही नाही, नक्की," ती म्हणते. आवाजात जपून पाऊल टाकावं तसं काहीतरी आहे. "आता काय झालं?"

"मी तेव्हा न बघताच म्हणाले. आज काच बघितली."

"कुठली काच?"

"तुझ्या आईची. तपासून घ्यायला पाहिजे, देवश्री. मी सोमवारी माझं रक्त देते. इथं मॅडम कुठं पाठवायचं ते सांगतील, तू तिथं आधी सल्ला घे. आणि तुझी आजी कशानं गेली तेही मला तुला सांगायचंय, धामणीच्या आजीचंही. एक माझं स्वतःचंही आहे. ते ऐकून तू माझ्याशी बोलायची नाहीस कदाचित."

"मला वाटतच होतं," देवश्री हळू म्हणते. "तू चकली वाढलीस ना, तेव्हाच वाटलं. माझ्याकडे बघितलं नाहीस."

बोटाची शाई मोबाईलच्या कडेला लागली आहे, हिरवी, अजून पुरती न सुकलेली.

"सांग," ती म्हणते. "पुढची पेशंट साडेतीनला आहे. पहिल्यापासून सांग."